ताईच्या हातांना पुरेल एवढी लाईन

आमच्या घरी पहिल्यांदा फोन बसला तेव्हा सगळे हरखले होते. राग आला तो एकट्या ताईला.

ताई माझी थोरली बहीण. ती दीड वर्षाची असताना एका तापात तिचे दोन्ही कान गेले. फोन आला तेव्हा ती कर्णबधिर मुलींच्या निवासी शाळेतून सुट्टीला घरी आली होती. बाहेरच्या खोलीत खिडकीखालच्या तिपाईवर तो फोन ठेवला होता. तो वाजला की आई हातातलं काम टाकून धावायची, बाबा पेपर बाजूला सारायचे आणि मी दोघांच्या मधे डोकं खुपसायचो. पलीकडून कुणीतरी काही बोलायचं आणि आम्ही तिघं एकदम हसायचो. ताई आईचा दंड हलवून विचारायची, "कोण? काय म्हणतात?"

"नंतर सांगते," आई मोकळ्या हाताने खूण करायची.

ते 'नंतर' कधी उगवायचं नाही. फोन ठेवेपर्यंत गॅसवरचं दूध उतू जायची वेळ झालेली असायची. ताई एकदा मला म्हणाली, "तुम्ही सगळे त्या डब्याशी बोलता आणि मी तुमच्या पाठी बघत बसते." ताईचं म्हणणं म्हणजे हातांचं म्हणणं. इथून पुढे तिचं जे जे बोलणं येईल ते तसंच समजा. तिच्या हातांइतकं टोकदार बोलणारी जीभ मी अजून ऐकलेली नाही.

शाळेत मात्र हातांना बंदी होती. मुलींनी ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलायला शिकावं, अशी तिथल्या शिक्षकांची इच्छा. ती वाईट हेतूने नव्हती, पण तिचा परिणाम असा झाला की साऱ्या मुली बाकाखाली बोलायला शिकल्या. ताईच्या बाकावर एक हसरी मुलगी होती. तिची खूण म्हणजे गालात बोट खुपसणं, कारण तिच्या गालाला खळी पडायची. म्हणून आमच्या घरीही ती खळीच झाली. ताईला मुली 'भुवई' म्हणायच्या, कारण कुणाचं काही पटलं नाही की तिची डावी भुवई टोपीसारखी वर जायची. भुवई आणि खळी, दोघींची गट्टी अशी की शाळा सुटली तेव्हा निरोपाच्या दिवशी दोघी हमसून हमसून रडल्या. खळीचं गाव रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर. फोन करणं शक्य नाही आणि पत्राला उत्तर यायला पंधरवडा.

ताईला छापखान्यात काम मिळालं. तिथे शिशाचे खिळे जुळवून मजकूर लावायचे दिवस संपत आले होते आणि मालकाने दोन कॉम्प्युटर आणले होते. जुने जुळारी त्या पडद्याकडे जावयाकडे बघावं तसे बघायचे: मान द्यायचा, पण जवळ जायचं नाही. ताई पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून बसली. छपाईच्या यंत्राची धडधड बाकीच्यांचं डोकं उठवायची, हिला त्याचा काडीचाही त्रास नव्हता. वर्षभरात तिची बोटं न बघता कळफलकावर पळू लागली. मालक गिऱ्हाइकांना मुद्दाम तिच्या टेबलाजवळ उभं करायचे आणि म्हणायचे, "डोळ्याची पापणी लवते ना, तेवढ्यात हिची ओळ होते."

पुढे छापखान्यात नवीन यंत्रं आली तेव्हा मालकाने जुन्यांतलं एक तिला देऊन टाकलं. बाबांनी आणि मी तो मॉनिटर जिन्यावरून चढवला तेव्हा दोघांच्याही कमरा धरल्या. तो कॉम्प्युटर म्हणजे एक आजारी पाहुणाच होता. सुरू करून आंघोळीला जावं, आणि बाहेर आलं की तो नुकता डोळे उघडत असायचा. एखादं चित्र उघडायला सांगितलं तर वरून खाली पट्टी पट्टी करत यायचं: आधी आभाळ, मग झाड, आणि माणूस यायच्या आत कधी कधी वीजच जायची. आज आमच्या भाजीवालीच्या पिशवीतला मोबाईल त्याच्या कितीतरी पट हुशार आहे. पण तेव्हा आमच्या इमारतीत घरी कॉम्प्युटर असलेलं दुसरं बिऱ्हाड नव्हतं, आणि बाबा येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यावरचं कापड काढून दाखवायचे.

मग ताईने मोडेम आणला. एक लहानशी पेटी. तिच्यातून फोनची तार कॉम्प्युटरला जोडायची आणि नेट लागायचं. लागताना ती पेटी जो आरडाओरडा करायची, तो ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. पहिल्यांदा ऐकून आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं बाई! मांजराची शेपटी दारात अडकली का?" ताईला ते कधीच ऐकू आलं नाही. ती तळहात पेटीवर ठेवून बसायची, हिरव्या दिव्याकडे टक लावून. दिवा स्थिर झाला की लाईन लागली.

आणि मग ती बोलू लागली. लिहून, पण समोरासमोर, त्याच क्षणी. पडद्यावर एक ओळ तिची, एक ओळ पलीकडच्याची. कुठकुठली माणसं होती: एक निवृत्त मास्तर, एक नर्स, एक जहाजावरचा स्वयंपाकी. पुस्तकांवर वाद, विनोद, भांडणं. संध्याकाळी जेवायला हाक मारायला म्हणून मी दिवा चालू-बंद करायचो, तर ती मागे न बघता हाताने 'थांब' करायची.

"त्यांना माहीत आहे का, तू ऐकू शकत नाहीस ते?" मी एकदा विचारलं.

"कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "तिकडे मी बहिरी नाही. तिकडे मी फक्त सगळ्यांत आधी उत्तर देणारी आहे."

नेट चालू असलं की घरचा फोन बंद. एका रविवारी काका तणतणत घरी आले. "काल संध्याकाळपासून फोन लावतोय! सारखा एंगेज! बिघडलाय का काय?"

बाबांनी सावकाश चष्मा पुसला. "बिघडलेला नाही रे. माझी लेक फोनवर होती."

बाबांनी ते वाक्य नंतर कित्येकांना ऐकवलं. त्यांतल्या काहींनी तर फोनबद्दल काही विचारलंही नव्हतं.

पण लिहिणं ही ताईची दुसरी भाषा. पहिली हातांची. त्यामुळे मला नोकरी लागल्यावर मी पहिली वस्तू घेतली ती कॅमेरा, कॉम्प्युटरवर बसवायचा, लिंबाएवढा. खळीच्या गावात एक नेट कॅफे होता. शिवणाच्या कारखान्यातून सुटली की ती तिथे जाऊन बसायची. पहिल्यांदा जोडणी झाली तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी एक चौकट उघडली, आणि त्यात खळी. किती वर्षांनी! दोघींनी एकदम हात उचलले आणि एकदम बोलायला लागल्या, आणि पडद्यावर नुसता खिचडा झाला. हात हलला की त्याचा धूर व्हायचा. चेहरा एका जागी गोठायचा आणि मग अचानक दुसरीकडे उमटायचा.

तेव्हा त्या दोघींनी एक युक्ती काढली. एक खूण करायची, हात थांबवायचा, चित्र पोहोचू द्यायचं, मग पुढची. पाण्याखाली बोलल्यासारखं. तासाभरात पाच मिनिटांचं बोलणं व्हायचं, पण व्हायचं.

त्यात एकदा गंमत झाली. हातांच्या भाषेत प्रश्न विचारायचा तर भुवया वर जातात. काडेपेटीएवढ्या चित्रात भुवया कुठल्या दिसायला? ताई एक दिवस उड्या मारत आत आली. "खळीचं लग्न ठरलं!" आईला कोण आनंद! तिने बाजारात जाऊन चादरींचा एक भारी जोड आणला, पार्सल बांधलं, पाठवलं. आठवड्याने खळीचा निरोप आला: चादरी सुंदर आहेत, पण कशाबद्दल? मी तर विचारलं होतं, भुवई, तुझं लग्न ठरलं का? त्यावर दोघी इतक्या हसल्या की नेट कॅफेवाल्याने येऊन खळीला पाणी विचारलं. चादरी खळीने ठेवून घेतल्या. दोन वर्षांनी तिने खरंच एका सुताराशी लग्न केलं, तोही ऐकू न येणारा, तेव्हा आईने दुसरा आहेर केला नाही. "आगाऊ दिलाय," म्हणाली. ताईचं लग्न काही ठरलं नाही, आणि तिने त्याची खंत कधी केली नाही.

काही वर्षांनी ब्रॉडबँड आलं. मोडेमचा आरडाओरडा गेला, फोन मोकळा झाला, नवा कॉम्प्युटर आला, चित्र तळहाताएवढं झालं. खळीच्या घरीही तोवर नेट पोहोचलं होतं, नवऱ्याच्या दुकानासाठी घेतलेलं. आता ताईला खळी नीट दिसायची, अगदी खळीसकट. पण खळी तक्रार करायची: तू मला दिसत नाहीस, चौकोन चौकोन दिसतात. ताईने कंपनीकडे लिहिलं. वायरमन आला, त्याने स्पीड मोजला, म्हणाला, "पूर्ण येतोय," आणि गेला. पुन्हा लिहिलं. पुन्हा आला, पुन्हा तेच. भला माणूस होता, आणि त्याचंही बरोबर होतं. जितका स्पीड सांगितला तितका येतच होता.

तिसऱ्या वेळी ताईने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्याच्यापुढे धरलं: 'येतोय. जात नाही.'

त्याला काही कळेना. तेव्हा तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि खळीला बोलावून काहीतरी सांगितलं. खळी उठली, कपाटाला लावायचा लांब आरसा ओढून आणला आणि आपल्या मागे उभा केला. त्या आरशात खळीचा पडदा दिसू लागला, आणि त्या पडद्यावर ताई. म्हणजे ताई दिसतच नव्हती. मनगटापुढे हातच नव्हते, नुसते करडे चौकोन.

वायरमन पुढे वाकला. मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि ऑफिसला फोन लावला. मी शेजारी उभा होतो, म्हणून ते बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"साहेब, इथे बाईंचा आवाज कापला जातोय... नाही साहेब, फोन नाही, नेट... नाही, त्या बोलत नाहीत, त्यांना ऐकू येत नाही... अहो हो, पण आवाज कापला जातोय! हातांचा! डाउनलोड नको, अपलोड वाढवा. घरची लाईन आहे म्हणून काय झालं?"

लोक घरी बसून बघतात आणि ऐकतात, पाठवतात थोडंच, असं धरून घरच्या लाईनला जायची वाट अरुंद ठेवलेली होती. आमच्या घरून पाठवायचं होतं ते ताईचं सगळं बोलणं. साहेबही समजूतदार निघाले. दुकानांना आणि ऑफिसांना देतात तसली लाईन आमच्याकडे आली. वायरमन जोडून झाल्यावर गेला नाही. "लावा ना एकदा," म्हणाला, "बघतो."

खळी आली. दोघी सवयीने सावकाश बोलू लागल्या. म्हाताऱ्या माणसाबरोबर चालून चालून पावलं जड व्हावीत तसं झालं होतं. एक खूण, थांबा. एक खूण, थांबा. मग खळीने भुवया उंचावून काही विचारलं, ताईला त्या भुवया दिसल्या, आणि तिने उत्तर द्यायला हात उचलले ते थांबवलेच नाहीत. बघता बघता दोघींचा वेग वाढला. हात एकमेकांत शिरायला लागले, खांदे उडायला लागले. शाळेतल्या बाकाखालीसुद्धा त्या इतक्या मोकळ्या बोलल्या नसतील. आई दारातून घाबरून बघत होती.

"अरे, कसल्या भांडताहेत गं बाई?"

"भांडत नाहीयेत," मी म्हटलं. "गप्पा मारताहेत."

वायरमनने आपली हत्यारं गोळा केली. चहाला नको म्हणाला. दारात वळून म्हणाला, "एवढी वर्षं वायरी ओढतोय, पण पलीकडे काय पोहोचतं ते आज पहिल्यांदा बघितलं."

यानंतर काही वर्षांनी जे घडलं, त्यामुळे ताईचं आयुष्य बदललं. तोवर भिंतीतून काचेची तार आली होती, फायबर. मोबाईलवरही चित्र दिसू लागलं होतं. ताई छापखान्याचं काम घरूनच करायची. एका दुपारी मी घरी होतो, आणि तिच्या पडद्यावर खळीचा नवरा आला. मागे लोखंडी खाट, सलाईनची बाटली. खळीला रुग्णालयात आणलं होतं. पोटात कळा येत होत्या. तिला लिहून सांगण्याचं बळ नव्हतं, नवऱ्याचं लिहिणं डॉक्टरांना लागत नव्हतं, आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरं मिळत नव्हती. सुताराने मोबाईल डॉक्टरांच्या हातात दिला. तरुण बाई होत्या, पण गोंधळलेल्या नव्हत्या.

"मी तिला विचारते आणि तुम्हाला टाइप करून सांगते," ताईने लिहिलं. "माझा भाऊ तुमचं बोलणं ऐकून मला सांगेल. बोला."

डॉक्टरांनी मोबाईल खाटेच्या कठड्याला टेकवला. त्या विचारायच्या, मी ऐकून ताईला खुणांनी सांगायचो. माझे हात तसे तोतरे, पण ताईला अर्ध्यातच कळायचं. ती खळीला विचारायची. खळीच्या एका हातात सुई, त्यामुळे ती एकाच हाताने बोलत होती, तेही वेदनेत, तुकड्या-तुकड्यांनी. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ताईच्या डोळ्यांनी त्यातला एक तुकडाही खाली पडू दिला नाही. तिची बोटं पळत होती, आणि तिथे मोबाईलवर ओळी उमटत होत्या: सकाळी बेंबीजवळ दुखत होतं. आता उजवीकडे खाली सरकलंय. पाय सरळ केला की जास्त. उलटी दोनदा.

"मला अपेंडिक्सचाच संशय होता," डॉक्टर म्हणाल्या. "आता खात्री झाली. ऑपरेशन करावं लागेल. तिला कुठलं औषध चालत नाही असं काही?"

मी ते अर्धं सांगतोय तोच ताईने टाइप करायला सुरुवात केली. मागच्या वर्षी दात काढल्यावर एका गोळीने खळीचा घसा सुजला होता, आणि खळीने त्या गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरून ताईला दाखवली होती. ताईने त्या औषधाचं नाव अक्षर न् अक्षर बरोबर लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं, मागे वळून नर्सला म्हणाल्या, "त्या गटातलं काहीही नको. बदला."

मग ताईने खळीला सगळं समजावलं. काय कापणार, किती वेळ भूल राहील, जाग येईल तेव्हा घसा कोरडा असेल. खळीने एकच विचारलं, "तू असशील?"

"मी कुठे जाते? लाईन चालू आहे."

आणि तिने ती चालूच ठेवली. खळीला आत नेलं तेव्हा पडद्यावर रिकामी खाट होती, आणि शेजारी बसलेला सुतार. ताई त्याच्याशी बोलत राहिली. कपाटं, लाकूड, रंधा, काहीही. मी तिला ताट आणून दिलं, ते तसंच राहिलं. संध्याकाळी खळीने डोळे उघडले तेव्हा समोर कठड्याला टेकवलेल्या मोबाईलमधे भुवई होती.

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या संस्थेच्या?"

"छापखान्यातली," ताईने लिहिलं.

"पुन्हा असा रुग्ण आला तर तुम्हाला बोलावू?"

बोलावलं. एकदा, दोनदा, मग सारखंच. त्या रुग्णालयाने दुसऱ्याला सांगितलं. मग शाळांनी बोलावलं, बँकांनी, एकदा एका न्यायालयाने. ताई एकटी पुरेना म्हणून तिने बाकाखाली बोलायला शिकलेल्या आपल्या जुन्या मैत्रिणी एकेक करून शोधून काढल्या आणि त्यांना हे काम शिकवलं. आज पाच जणी आहेत, पाच गावांत, आपापल्या घरी. खळी शिलाई मशीनच्या शेजारीच पडदा लावून बसते. आता समोरचा माणूस बोलला की त्याचे शब्द कॉम्प्युटर आपणहून लिहून दाखवतो, त्यामुळे माझ्या तोतऱ्या हातांना सुट्टी मिळाली. बाबा थकलेत, पण दुपारी ताईच्या खोलीत, कॅमेऱ्यात येणार नाही अशा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात. त्यांना एवढ्या वेगाचं बोलणं कळत नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "मी ऑफिसात आहे."

गेल्या वर्षी एका तरुण आईने ताईला गाठलं. मांडीवर काही महिन्यांचं बाळ. तपासणीत कळलं होतं की बाळाला ऐकू येत नाही. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिचे शब्द पडद्यावर उमटत होते: "याचं कसं होणार? हा मला कधी आई म्हणेल का?"

ताईने उत्तर लिहिलं नाही. तिने कॅमेऱ्यासमोर हात धरले आणि बोटं हळूहळू हलवली. बाळाने मान वळवली. चित्र इतकं स्वच्छ होतं की त्याच्या ओठावरचा दुधाचा थेंब आम्हाला इथे दिसत होता. हात डावीकडे गेले, त्याचे डोळे डावीकडे. हात वर गेले, डोळे वर. मग बाळ हसलं.

"तो ऐकतोय," ताईने मग लिहिलं. "डोळ्यांनी ऐकतोय. आजपासून बोलायला लागा. मी शिकवते."

दर आठवड्याला ती आई शिकत गेली. भूक, पाणी, झोप, चंद्र, मांजर. आई. आणि परवा सकाळी ताईने आमच्या खोलीचा दिवा असा काही चालू-बंद केला की मी दाढीचा साबण गालावर घेऊनच धावलो. पडद्यावर ते बाळ आईच्या मांडीवर उभं होतं. त्याने आईकडे बघितलं, गुबगुबीत हात वर नेला आणि हनुवटीवर टेकवला. अंगठा चुकीच्या बाजूला होता, बोटंही सगळी उघडलेली नव्हती. पलीकडे त्याची आई हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. इथे बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

"काय म्हणालं?" मी ताईला विचारलं. "आई म्हणालं ना?"

"आईच म्हणालं," ताई म्हणाली. तिची भुवई वर गेली होती आणि डोळे भरले होते. "बोबडं आहे अजून. पण स्पष्ट आहे."